तंटामुक्त गावाची वकीलबाई

कलम १. संक्षिप्त नाव, व्याप्ती व प्रारंभ

या मजकुराला लॉ कॉलेजची माहितीपुस्तिका म्हणावे. ती सगळ्या भंडारा जिल्ह्याला लागू आहे. गोंदियाला लागू नाही, कारण गोंदिया वेगळा झाला. भंडारा कोर्टातल्या यादोराव वकिलांचं ऐकाल तर त्या वाटणीत पक्षकार तिकडे गेले आणि वकील इकडेच उरले. रुचिताला प्रवेश मिळाला त्या दिवसापासून ही पुस्तिका अमलात येते.

परंतु असे की, गावाच्या मते रुचिता त्याच दिवशी वकील झाली. पुढची तीन वर्षं ही नुसती कागदाची बाब.

कलम २. पात्रता

पात्रता एकच. घरातल्या कोणीतरी तुमच्यासाठी हे आधीच ठरवलेलं असावं.

रुचिताचं तिच्या वडिलांनी, सेवकराम गुरुजींनी ठरवलं होतं. दिघोरीच्या पलीकडे त्यांचं गाव. शाळेतून निवृत्त झाले तरी सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. त्यांच्या घरात समोरच्या भिंतीवर बॅरिस्टरच्या कोटातली तसबीर होती, आणि त्या तसबिरीखाली वाढलेल्या लेकरांपैकी एकाने तरी तसा कोट घालावा, एवढीच त्यांची आयुष्याकडून मागणी होती. थोरला मुलगा रेल्वेत लागला. रेल्वेतही कोट मिळतो, पण तो वेगळा. म्हणून काम रुचितावर आलं.

प्रवेश झाला त्या आठवड्यात गावच्या फाट्यावर बॅनर लागला. ‘ॲड. रुचिता यांचे हार्दिक अभिनंदन.’ फोटो बारावीच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून धुरकट झालेला.

“बाबा, मी आताशी फी भरली. ॲडव्होकेट कायले लिहिलं?”

“मी लिहिलं काय? पोट्ट्यायनं लिहिलं.”

“मंग काढायले सांगा.”

“आता छापलं ना. राहू दे टांगून. तेवढ्यात तू होऊन जाशील.”

ती होईपर्यंत बॅनर टिकला नाही. हिवाळ्यात आईने, म्हणजे धुरपताबाईंनी, तो उतरवून मळलेल्या धानावर झाकला.

दृष्टांत. शेजारची सुंदरबाई विजेचं वाढून आलेलं बिल घेऊन आली. रुचिता म्हणाली, “काकू, मी आता फक्त करार शिकून राहिली.” सुंदरबाई म्हणाली, “मंग करारानंच कमी कर.” येथे सुंदरबाईची काही चूक नाही.

कलम ३. विद्यार्थिजीवन

तुम्हाला वाटेल, लॉ कॉलेज म्हणजे वाद, युक्तिवाद, टेबलावर आपटलेली मूठ. मूठ आपटायला टेबल लागतं. तुमचं कॉलेज एका दुकानावरच्या मजल्यावर असेल आणि खाली दिवसभर पंप दुरुस्त होत असतील. पंप चालू झाला की घटना ऐकू येत नाही, बंद झाला की सर दिसत नाहीत.

सर आहेत कुठे? कॉलेजात विचारलं तर सर कोर्टात आहेत. कोर्टात विचारलं तर सर कॉलेजात आहेत. ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी धरावीत आणि मधल्या टपरीवर चहा प्यायला जावं. सर तिथे आहेत.

सहाध्यायी कोण असतील? एक पोलीस असेल. वकिलांना जे माहीत असतं ते आपल्यालाही असावं म्हणून आलेला. तहसीलमधला एक बाबू, बढतीसाठी. एक माजी सरपंच, ज्याच्यावर स्वतःच्याच इतक्या केसेस आहेत की वकील लावण्यापेक्षा वकील होणं त्याला परवडतं. आणि भिंतीला टेकलेल्या काही मुली, ज्यांचं लग्न ठरेपर्यंत काहीतरी चालू राहावं असं घरच्यांना वाटतं. रुचिता यांच्यापैकी कोणातच बसत नव्हती. ती वाचायची. वाचणाऱ्या मुलीकडे वर्ग संशयाने पाहतो. ही बहुतेक न्यायाधीशाच्या परीक्षेला बसणार, असं बाबूने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

कायद्याच्या पुस्तकांत माणसं नसतात. क असतो आणि ख असतो. क हा ख ला घोडा विकतो. क ख च्या विहिरीत काहीतरी टाकतो. क ची गाय ख च्या शेतात शिरते. क ला मामा नाही, ख ला पोटदुखी नाही, दोघांची जात कोणी विचारत नाही. रुचिताला हे फार आवडायचं. तीन वर्षं ती या दोघांच्या गावात राहिली आणि सुट्टीत तेवढी आपल्या गावाला यायची.

वर्षातून एकदा खोटं कोर्ट भरतं. त्याला अभिरूप न्यायालय म्हणतात. रुचिता क च्या बाजूने उभी राहिली. न्यायाधीश म्हणून ग्रंथपाल बसले होते. ख ची बाजू मांडणारा मुलगा आलाच नाही, त्याची लाखांदूरची शेवटची गाडी होती. रुचिता एकतर्फी जिंकली. टाळ्या पडल्या. कोर्टातला तिचा हा आजवरचा एकमेव विजय.

कलम ४. (मसुदा समितीचे सदस्य कोर्टात असल्याने वगळले. कोर्टात विचारता ते कॉलेजात असल्याचे कळले.)

कलम ५. नोकरीच्या संधी

आहेत.

स्पष्टीकरण. पोलीस पोलीसच राहिला. बाबू बाबूच राहिला, फक्त आता तो नोटशीटवर लॅटिन लिहितो. माजी सरपंच स्वतःच्या दोन केसेसमधून सुटला, म्हणजे तो त्या बॅचचा सर्वांत यशस्वी वकील. टेकलेल्या मुलींची लग्नं झाली.

रुचिताने सनद घेतली, काळा कोट शिवला आणि भंडाऱ्याला यादोराव वकिलांकडे ज्युनियर म्हणून गेली. यादोरावांचं टेबल बार रूमच्या खिडकीशी. टेबलाला दोन खुर्च्या. एकीवर यादोराव, दुसरीवर यादोरावांची पिशवी.

“सर, मी कुठं बसू?”

“खुर्ची केसच्या मागून येते, बाई. तू एक केस आण. स्वतःची. मी पिशवी उचलून घेईन.”

“आणि तोपर्यंत?”

“बाहेर बाकडं आहे ना.”

बाकडं पक्षकारांचं होतं. उकाड्यात कोट मांडीवर घेऊन रुचिता तिथे बसे. शेजारच्या बाया सरकून जागा देत.

“तुझी कायची केस आहे वं? नवऱ्याची?”

“मी वकील आहे, मावशी.”

“अस्सं. मंग इथं काहून बसली? वकील तं अंदर बसते.”

दिवसातून एखाद्या वेळी यादोराव तिला आत बोलावत. मग ती कोर्टापुढे उभी राहून एक वाक्य म्हणे: “सर दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख द्यावी.” हे वाक्य ती फार स्वच्छ म्हणायची. तीन वर्षांच्या शिक्षणाचा उपयोग होत नाही असं कोणी म्हणू नये.

ती खुर्ची तिला हवी होती. हसण्यासारखी गोष्ट आहे, प्लास्टिकची खुर्ची, पण हवी होती. गावी गेलं की गुरुजी विचारत, “कुठं बसते तू तिथं?” आणि ती म्हणे, “सरांच्या टेबलाजवळ.” बाकड्यावरून टेबल दिसत होतं, म्हणजे हे अगदीच खोटं नव्हतं.

कलम ६. केस कुठे मिळते

गावात. प्रत्येक सीनियर हेच सांगतो: आपल्या गावात जा, बांधावर बांध आहे, भावाला भाऊ आहे, केसला काय कमी.

रुचिता गावी आली तर फाट्यावर नवा बॅनर. ‘आमचे गाव तंटामुक्त गाव.’ शासनाची मोहीम आली होती. गावातले तंटे गावातच मिटवायचे, कोर्टात जायचं नाही, मग बक्षीस. गावाने समिती केली होती. अध्यक्ष कोण? ज्याच्या घरी वकील आहे तो. सेवकराम गुरुजी.

म्हणजे असं झालं की एका गावाने पोरीला वकील केलं, आणि ती होते न होते तोच भांडणं बंद केली.

“बाबा, मले एक केस पाहिजे.”

“अन् मले एक तंटा पाहिजे,” गुरुजी म्हणाले. “तपासणीवाले साहेब येऊन राहिले. त्याइच्यापुढं एक तंटा मिटवून दाखवा लागते.”

“तंट्याले काय कमी आहे गावात?”

“आहेत. पण ते मिटत नाहीत. दाखवायचा तंटा मिटणारा पाहिजे.”

न मिटणाऱ्यांपैकी एक शकुनचा होता. शकुनचा नवरा ढीवरांच्या मासेमारी सोसायटीत होता. गावचं तळं सोसायटीकडे ठेक्यानं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मोठं जाळं टाकत आणि जी मासोळी निघे तिचे सभासदांत वाटे होत. नवरा वारला. सोसायटीचा अध्यक्ष गोमाजी म्हणाला, वाटा जाळं ओढणाऱ्याचा, बाई कुठे जाळं ओढते? ती जाळं विणायची, मासोळी डोक्यावर घेऊन विकायची, पण पाण्यात उतरायची नाही. शकुन समितीकडे येऊन येऊन थकली. समिती दर वेळी म्हणायची, तपासणी होऊ दे.

“तू वकील ना?” गुरुजी रुचिताला म्हणाले. “एक तंटा लिहून दे. साधा. कोणाले लागणार नाही असा.”

रुचिताने पुस्तकातला दिला. क ची गाय ख च्या धानात शिरते. क माफी मागतो. ख माफ करतो. पान संपतं.

कलम ७. अभिनय

आता एक गोष्ट बाहेरच्या लोकांना सांगावी लागते. झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या मुलखात, माणूस मरायचा राहील, नाटक करायचं राहणार नाही. दर हिवाळ्यात गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्रभर नाटक होतं, आणि ज्याला घरात कोणी विचारत नाही तोही राजा होऊन येतो. गोमाजी दर वर्षी खलनायक करायचा. त्याच्यासारखा खलनायक पंचक्रोशीत नाही. दोन अंक तो पाप करी आणि तिसऱ्यात गुडघ्यावर बसून असा रडे की बाया पदराने डोळे पुसत. हे पाहायलाच लोक थांबत.

म्हणून क झाला गोमाजी. ख बाई असावी असं ठरलं, साहेबांना महिला सहभाग हवा असतो. पण गावातली बाई नाटकात काम करत नाही. नटी बाहेरून आणायची, आणि बाहेरची नटी साहेबांनी ओळखली असती.

“मी करीन,” शकुन म्हणाली.

“तुले जमन काय वं?” गुरुजी म्हणाले.

“गाय धानात गेली, एवढंच म्हणायचं ना?”

साहेब आले. शाळेच्या पटांगणात मांडव घातला, गुरुजी मधे बसले. गोमाजीने सुरुवातच अशी दणक्यात केली की साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

“माझी गाय! ते कुठंबी जाईन! कोण अडवते तिले, पाहू दे मले!”

शकुन उभी राहिली.

“गाय राहू द्या, गोमाजी भाऊ. तळ्याचं सांगा.”

गुरुजींनी रुचिताकडे पाहिलं. रुचिताने कागदाकडे पाहिलं. कागदात तळं नव्हतं.

“माह्या मालकानं तुमच्यासंग जाळं ओढलं. त्याले दम लागला तं तुम्हीच त्याले काठावर बसवलं. ज्या जाळ्यातली मासोळी तुम्ही वाटून घेता ते जाळं कोनं विणलं? फाटलं तं कोणाच्या दारात आणून टाकता? सांगा ना. साहेब बसले आहेत.”

मांडवात मागून एकाने शिट्टी वाजवली. त्याला वाटलं, तालमीत बदल केला.

आणि गोमाजी? गोमाजीने इतकी माणसं आपल्याकडे अशी पाहताना वर्षातून एकदाच पाहिलेली. तिसरा अंक लागला, असं त्याच्या अंगाला वाटलं. त्याचे गुडघे वाकले. आवाज फाटला.

“चुकलो वं बाई! मी चुकलो! आजपासून तुझ्या मालकाचा वाटा तुझा! सोसायटीत तुझं नाव! हे समदं गाव साक्षीला आहे!”

टाळ्या, शिट्ट्या. एका साहेबाने चष्मा काढून पुसला. दुसरा म्हणाला, इतकं जिवंत आम्ही कुठेच पाहिलं नाही. गुरुजी उठले, घसा खाकरला आणि जे म्हणणं भाग होतं ते म्हणाले: “तंटा मिटला.” हार घातले गेले. गाय कोणालाच आठवली नाही.

कलम ८. हेतू

दुसऱ्या दिवशी शकुन सोसायटीच्या खोलीवर गेली, तर गोमाजी म्हणाला, “वेडी आहे काय? नाटक होतं ते.”

ती तिथून थेट रुचिताकडे आली. अंगणातच बसली.

“वकीलबाई, केस लावायची आहे.”

रुचिताने यादोरावांना फोन लावला. यादोराव इतके खूश तिने कधी ऐकले नव्हते.

“शासनाच्या समितीसमोर कबुली? अख्खं गाव साक्षीदार? अगं, हे सोनं आहे! साक्षीदार तपासता तपासता तुझं लग्न होईल, पोरं होतील, केस चालूच राहील. दाखल कर. मी पिशवी उचलली समज.”

ती अंगणात परत आली.

“काकू, लावू. पण वेळ लागन.”

“किती?”

“सांगता येत नाही.”

“तळ्याचं पाणी उतरून राहिलं. जाळं आता पडन. मले पुढच्या सालचा वाटा कायले? मी आता काय खाऊ, तारीख?”

रुचिताने मागे घराच्या दाराकडे पाहिलं. तिला दोन्ही गोष्टी दिसत होत्या. केस लागली की खुर्ची. आणि केस न लावता हे मिटू शकत होतं, फक्त एका माणसाला त्याच्याच शब्दात पकडावं लागलं असतं. तो माणूस आत पाटावर बसला होता. त्याची उलटतपासणी वाईट करण्यातच तिचा फायदा होता.

साक्षीदार क्र. १: सेवकराम गुरुजी. व्यवसाय: निवृत्त. जेवत असताना तपासले.

प्र. तंटा मिटला असं तुम्ही साहेबाइले सांगितलं?

उ. सांगितलं.

प्र. खरं सांगितलं की खोटं?

उ. जेवतानी हे कायले काढते?

प्र. खरं की खोटं, तेवढंच सांगा.

उ. नाटक होतं ते. तूच लिहून दिलं.

प्र. मी गाय लिहून दिली होती. तळं कोनं आणलं?

उ. शकुननं.

प्र. तळ्याचा तंटा खोटा आहे काय?

उ. तंटा खरा आहे. मिटला ते खोटं.

प्र. म्हणजे साहेबाइले खोटं सांगून गाव बक्षीस घेऊन राहिलं.

उ. असं कसं म्हणते! खोटं नाही सांगितलं मी.

प्र. मंग मिटला.

उ. (भात कालवतात.)

धुरपताबाई (चुलीजवळून): बोला ना आता. पोरीले शिकवू, शिकवू म्हणत होते.

प्र. कोणती एक गोष्ट खरी, बाबा? तिचा वाटा, का तुमचं बक्षीस?

उ. तू माही पोरगी आहे का तिची वकील?

प्र. हा प्रश्न साक्षीदाराने विचारायचा नसतो.

उ. तुले केस पाहिजे होती ना? खुर्ची मिळन म्हणत होती. हे मिटलं तं तुले काय मिळते?

(वकीलबाईंनी साक्षीदारापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. नोंद घेण्यात आली.)

साक्षीदाराने ताटात हात धुतला, शर्ट चढवला आणि गोमाजीच्या घराकडे गेला. तिथलं संभाषण गोमाजीच्या बायकोने गावभर सांगितलं, म्हणून येथे देता येतं.

“गुरुजी, नाटक होतं ते.”

“बक्षिसाच्या पैशातून वेशीवर कमान उभी होईन तं तिच्यावर सोसायटीचं नाव पाहिजे ना तुले?”

“पाहिजे तं.”

“मंग नाटक नव्हतं.”

जाळं पडलं त्या सकाळी शकुन काठावर उभी होती. वाटे घालताना गोमाजीचा हात एकदा थांबला, मग त्याने तिच्या टोपल्यात टाकलं. मोठे मासे वरून दिसतील असे ठेवले. शेवटी नटच तो. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत तिचं नाव घेतलं गेलं. गावाला बक्षीस मिळालं. समारंभात रुचिताला शाल दिली आणि तिच्याविषयी बोलणाऱ्याने सांगितलं की आपल्या गावची वकीलबाई इतकी चांगली आहे की तिला एकही केस नाही.

कलम ९. अपील

“मिटवलंस?” यादोराव म्हणाले. “हातात आलेली केस मिटवलीस?”

“तिला याच हंगामात वाटा हवा होता, सर.”

“अशानं बार रूमची चूल विझेल, बाई. डॉक्टर दवाखान्याच्या दारातच माणूस बरा करायला लागला तर आत कोण जाईल?” त्यांनी पिशवी खुर्चीवर नीट सरळ केली. “एक वाक्य आहे, जाऊन म्हणून ये. मी दुसऱ्या कोर्टात आहे.”

ती म्हणून आली. तारीख मिळाली. बाहेर येऊन बसली तर बाकड्यावर एक माणूस वाट पाहत होता. नाव फकिरा, गाव बपेऱ्याच्या बाजूचं, म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. दोन गाड्या बदलून आला होता.

“सेवकराम गुरुजीच्या वकीलबाई तुम्हीच काय?”

“हो.”

“आमच्याकडेबी तपासणी आहे. मी समितीचा अध्यक्ष. तुमच्याकडचा तंटा लय झकास झाला म्हणे, साहेब रडले म्हणे. तसा एक आम्हाले बसवून द्या ना.”

“माझं काम वकिलीचं आहे.”

“तेच तं. वकिलाचंच पाहिजे. फी देऊ की.” त्याने खिशात हात घातला, पण रुचिताने नकाराची मान हलवल्यावर रिकामाच बाहेर काढला. “गाईचाच द्या. सोपा असते.”

वर्षभरात कोणी फी हा शब्द तिच्यासमोर, तिच्यासाठी, पहिल्यांदा उच्चारत होतं. तिने समोरच्या खिडकीतून आतल्या खुर्चीकडे एकदा पाहिलं.

“बसवून देते. पण काम कोण करन ते मी ठरवीन.”

“आमच्याकडे नट आहेत ना एक नंबर! सरपंचाचा भाऊच पाहा...”

“नटाचं नंतर. आधी सांगा, तुमच्या समितीपुढं येऊन येऊन कोण थकलं?”

फकिराने इकडेतिकडे पाहिलं.

“तशी एक ममता आहे. पण तिचं सोडा. ते काय मिटणारं नाही. ते बाई सरपंचाच्या भावाचंच नाव घेते.”

“तिले घ्या. अन् समोर त्यालेच उभं करा.”

“अन् गाय?”

“गाय बांधून ठेवा मांडवाबाहेर.”

फकिरा उठला, दोन पावलं गेला, परत येऊन बसला.

“बाई, मंग तालीम कधी घेता?”

“तालीम नाही,” रुचिता म्हणाली.